हॅकर म्हणजे चोरच असतो का?

'हॅकर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीत बसलेला चोर येतो. पण आपल्या मोबाइलमधली अनेक ॲप्स सुरक्षित राहतात, ती हॅकर्समुळेच! हे कसे, ते दोन खऱ्या घटनांवरून समजून घेऊया.

बँक लुटणारे हॅकर

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तिजोरी मात्र जागच्या जागी होती. हॅकर्सनी मालवेअर घुसवून एटीएमच्या यंत्रणेत एक बनावट दुवा उभा केला होता. कार्ड टाकल्यावर 'पैसे देऊ का?' ही विचारणा बँकेपर्यंत पोहोचायचीच नाही, मध्येच 'द्या' असे उत्तर जायचे. क्लोन केलेली कार्डे वापरून २८ देशांत आणि भारतातही पैसे काढले गेले. त्यानंतर १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

चूक दाखवणारा हॅकर

पासवर्ड विसरला तर फेसबुक सहा अंकी कोड पाठवते. चुकीचा कोड वारंवार टाकला की साइट अडवते. २०१६ मध्ये बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांच्या लक्षात आले, की फेसबुकच्या बीटा साइटवर ही अडवणूक नाही. सहा अंकांचे एकूण कोड दहा लाख. संगणकाला ते एकामागून एक टाकून पाहणे अवघड नाही. म्हणजे कोणाचेही खाते उघडता आले असते! आनंद यांनी स्वतःच्याच खात्यावर खात्री केली आणि कंपनीला कळवले. फेसबुकने चूक दुरुस्त केली आणि त्यांना १५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे दहा लाख रुपये, बक्षीस दिले. यालाच 'बग बाउंटी' म्हणतात.

फरक परवानगीचा

दोघांचे ज्ञान सारखेच असते. चावीवाला घरमालकाने बोलावल्यावर कुलूप उघडतो, चोर न विचारता उघडतो, तसेच हे आहे. म्हणून 'मी फक्त बघत होतो' हे कारण पुरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे चूक आहे. ते फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तुमच्या मुलाला हॅकिंगची आवड असेल तर घाबरू नका, पण मित्राच्या खात्यावर किंवा शाळेच्या वेबसाइटवर 'प्रयोग' करायचा नाही, हे त्याला आधीच सांगा. सरावासाठी मुद्दाम तयार केलेल्या साइट्स असतात, त्यावर शिकू द्या.

आपण काय करायचे?

• फोन आणि ॲप्स वेळेवर अपडेट करा. सापडलेली चूक कंपनीने दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती अपडेटमधूनच आपल्यापर्यंत येते.
• प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा.
• ओटीपी कोणालाही सांगू नका, बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही नाही.
• पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

चांगला हॅकर दारातली फट दाखवेल, पण आपणच ओटीपी सांगून दार उघडले, तर तोही काही करू शकणार नाही.