सुट्टीचा स्वयंपाक: आधीचे काम आणि ऐनवेळचे काम

महाराष्ट्रातील नोकरदार घरांत रविवारच्या स्वयंपाकाला जे वेगळे स्थान आहे, ते फार जुने नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून जे प्रयत्न केले त्यांना १८९० मध्ये यश आले आणि रविवार हा कष्टकऱ्यांच्याही विश्रांतीचा दिवस ठरला. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा अनेक घरांत शनिवारचीही त्यात भर पडली. मात्र या दोन दिवसांत स्वयंपाकघरावरचा भार कमी होण्याऐवजी वाढतो, कारण एरवी डब्यापुरती पोळी-भाजी करणाऱ्या घरात सुट्टीला नाश्ता निवांत हवा असतो, जेवणात एखादा खास पदार्थ हवा असतो आणि पुढच्या आठवड्याची तयारीही त्याच वेळात उरकायची असते. हा सगळा पसारा आवाक्यात ठेवायचा, तर स्वयंपाकाची दोन भागांत विभागणी करावी लागते. पहिल्या भागात भिजणे, मोड येणे, आंबणे, विरजणे अशी कामे येतात, जी एकदा लावून दिली की वेळच पुरी करतो. दुसऱ्या भागात फोडणी, भाजणे, तळणे अशी कामे येतात, जी हातानेच आणि ऐनवेळीच करावी लागतात. अनुभवी गृहिणीची किंवा घरी रांधणाऱ्या पुरुषाची हातोटी बहुधा या विभागणीतच असते.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकणात आणि मुंबईच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू घरांत आवडीने खाल्ले जाणारे वालाचे बिरडे. त्यासाठी कडवे वाल शुक्रवारी रात्री भिजत घालतात, शनिवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवतात आणि रविवारी सकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलतात. साल सुटून जे दाणे हाती येतात त्यांना डाळिंब्या म्हणतात. मोड येताना दाण्यातील विकरे, म्हणजे सजीवांमधील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, जागी होतात आणि रोपाच्या वाढीसाठी साठवलेला पिष्टमय भाग व प्रथिने यांचे विघटन सुरू करतात. ज्या शर्करा आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यात वायू निर्माण करतात त्या या क्रियेत कमी होतात, लोह व जस्त यांचे शोषण रोखणारे फायटिक आम्ल घटते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. मोड आलेली मटकी किंवा मूग पोटाला हलके असतात, हा घरोघरीचा समज त्यामुळे निराधार नाही.

बिरडे शिजवताना आमसूल केव्हा घालायचे, हा मुद्दा किरकोळ वाटला तरी महत्त्वाचा आहे. दाण्यातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ आम्लात सहज विरघळत नाही, त्यामुळे चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडल्यास उसळ कितीही वेळ उकळली तरी दाणा टणकच राहतो. दाणा बोटाने दाबून मऊ झाल्याची खात्री झाल्यावरच आंबट घालावे. गूळ आणि ओले खोबरे त्यानंतर. तुरीच्या वरणाची आमटी करतानाही हाच नियम लागू पडतो.

रविवारच्या नाश्त्यासाठी अलीकडे शहरी घरांतही पुन्हा आवडीची झालेली आंबोळी हे वेळेवर सोपवलेल्या कामाचे दुसरे उदाहरण होय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची ही आंबोळी डोशाहून जाड आणि जाळीदार असते व काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत खातात. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी हे तिचे सर्वसाधारण प्रमाण असून, नाचणी किंवा ज्वारी वापरायची असल्यास तांदळाचा काही भाग वगळून तेवढे धान्य घेता येते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून हा बदल बऱ्याच घरांत रुळला आहे. वाटलेल्या पिठात उडदाच्या डाळीबरोबर आपोआप आलेले ल्युकोनॉस्टॉक गटातील व इतर जीवाणू शर्करेपासून आम्ल आणि कर्बवायू तयार करतात. आम्लामुळे पिठाला आंबूस चव येते, तर कर्बवायू उडदाच्या चिकट प्रथिनांत आणि मेथीच्या बुळबुळीत गोंदात अडकून पीठ फुगवतो. हे जीवाणू साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतात, त्यामुळे मे महिन्यात सहा-सात तासांत वर येणारे पीठ पुण्या-नाशिकच्या जानेवारीत रात्रभरातही ढिम्म हलत नाही. अशा वेळी पिठाचे भांडे दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये किंवा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. उलट उन्हाळ्यात वाटताना मिक्सर तापून पीठ गरम होऊ नये म्हणून थंड पाणी वापरावे, आणि भांडे कोणत्याही ऋतूत अर्धेच भरावे, अन्यथा सकाळी ओटा पुसण्याचे काम वाढते.

आंबोळी घालणे हे मात्र पूर्णपणे ऐनवेळचे आणि हाताचे काम आहे. बिडाचा तवा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जाड तवा, मध्यम आचेवर चांगला तापवून, अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवतात, पीठ न ढवळता डावाने ओतून जाडसर पसरतात आणि लगेच झाकण ठेवतात. पीठ फार ढवळले तर अडकलेला वायू निघून जातो व जाळी पडत नाही. झाकणाखाली कोंडलेली वाफ वरची बाजू शिजवते, म्हणून आंबोळी बहुधा उलटत नाहीत. पहिली आंबोळी चिकटली तर दोष पिठाचा नसून पुरेशा न तापलेल्या तव्याचा असतो.

आठवडाभर साठवलेल्या सायीचे लोणी आणि तूप करणे हे मराठी घरांतले सुट्टीचे सर्वांत जुने ठरलेले काम म्हणता येईल. रोजच्या दुधावरची साय फ्रीजमध्ये जमवतात, शनिवारी ती बाहेर काढून चमचाभर दह्याने विरजतात आणि रविवारी सकाळी घुसळतात. पिशवीच्या काही दुधांवर साय धरत नाही याचे कारण ते दूध एकजीव केलेले असते, म्हणजे यंत्राच्या दाबाने त्यातील स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जमत नाहीत. साय हवी असल्यास पिशवीवरील मजकूर वाचून दूध निवडावे. विरजणातले जीवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, त्याने लोण्याला वास आणि ताकाला आंबटपणा येतो. घुसळताना स्निग्धांशाच्या कणांभोवतीचे आवरण फुटून ते एकमेकांना चिकटतात, पण स्निग्धांश अंशतः गोठलेला असेल तरच हे नीट घडते. म्हणून उन्हाळ्यात बर्फाचे पाणी घालण्याची रीत आहे. वर आलेला गोळा थंड पाण्याने दोन-तीनदा, पाणी नितळ दिसेपर्यंत, धुवावा, कारण आत राहिलेल्या ताकानेच लोणी लवकर खवट लागते.

लोणी कढवताना कानाचा उपयोग डोळ्यांइतकाच होतो. लोण्यात सुमारे सहावा-सातवा हिस्सा पाण्याचा असतो आणि ते उडून जात असताना पातेल्यातून तडतड ऐकू येते; हा आवाज मंदावू लागला, फेस विरळ होऊन तळ दिसू लागला आणि तळाशी बसलेली बेरी, म्हणजे दुधातील प्रथिने व शर्करा यांचा भाजलेला चुरा, फिकट बदामी झाली की गॅस बंद करावा. पातेल्याची आच पुढेही काही वेळ काम करीत राहते, म्हणून बेरी पूर्ण तांबूस होण्याची वाट पाहिल्यास तूप करपट होते. तूप रवाळ हवे असेल तर ते फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरच सावकाश निवू द्यावे, कारण स्निग्धांशाचे मोठे कण मंद गतीनेच तयार होतात. उरलेल्या ताकाची कढी करताना ते फाटू नये म्हणून आधी थोडे बेसन कालवतात. बेसनातील पिष्ट ताकाच्या प्रथिनांना एकत्र येऊन गुठळ्या धरू देत नाही.

पुढच्या आठवड्यासाठी काय करून ठेवावे, याचाही निकाल आधीचे व ऐनवेळचे या विभागणीने लागतो. अळूवडीचे उंडे यासाठी आदर्श आहेत: काळ्या देठाच्या पानांच्या शिरा लाटून किंवा तासून, उलट्या पानावर चिंच-गुळातले बेसन लावून, एकावर एक पाने ठेवून केलेली गुंडाळी वाफवून घेतली की काम जवळजवळ संपते. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात व त्यांनीच घसा खाजतो, म्हणून चिंच सढळ हाताने घालणे आणि उंडे पुरेसे वाफवणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. उंडे पूर्ण निवल्याशिवाय कापू नयेत, आणि अख्खेच फ्रीजमध्ये ठेवून लागतील तसे तीन-चार दिवसांत कापून तळावेत. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण लहान डब्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवता येते. चिरलेली कोथिंबीर मात्र एका दिवसात वास गमावते आणि आधी करून ठेवलेली फोडणी वरणाला जिवंत चव देत नाही, कारण मोहरी-हिंगातील सुगंधी तेले हवेत झपाट्याने उडून जातात.

शिल्लक भाताच्या बाबतीत मात्र चवीपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपे, शिजवल्यानंतरही टिकून राहतात आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिल्यास वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून सोमवारच्या फोडणीच्या भातासाठी राखलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

या सर्व सल्ल्यांना एक सामाजिक बाजूही आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय कोणत्याही एका दिवशी अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण जेमतेम एक चतुर्थांशाच्या वर आहे. सुट्टीचा दिवस म्हणजे घरातल्या इतरांची विश्रांती आणि एकीची दुप्पट पाळी, असे चित्र त्यामुळे सर्रास दिसते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्यालाही पदार्थ जमेल असे केले, त्याच धर्तीवर कामाची वेळही मापून मांडली, तर ते काम दुसऱ्याच्या हाती देणे सोपे होते. शुक्रवारी रात्री वाल भिजवणे, शनिवारी फडके बांधणे, साय विरजणे, रविवारी डाळिंब्या सोलणे किंवा लोणी घुसळणे यांपैकी एकाही कामाला पाककौशल्य लागत नाही. ती शाळकरी मुलाला, नवऱ्याला किंवा घरातल्या आजोबांना सहज करता येतात. कामांची यादी शुक्रवारी संध्याकाळी फ्रीजच्या दारावर प्रत्येकाच्या नावासह लावली, तर रांधणाऱ्या व्यक्तीकडे फक्त ऐनवेळचे काम उरते, आणि जेवणाच्या पानावर बसण्याची वेळ तिचीही इतरांबरोबरच येते.