पडवी आकाशात न्यावयाची तर

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि रायगडचा किनारा मुंबईच्या अंगणात आला. उलवे-पनवेल परिसरात उंच इमारतींची दाटी आधीच होती. ती आता वाढतच जाणार. तेव्हा उंची असावी की नसावी, हा वाद मागे पडला आहे. या इमारती कोणत्या भूमीवर आणि कोणत्या हवेत उभ्या आहेत याची जाण त्यांच्या रचनेत आहे काय, हे पाहावयास हवे.

दर्शनी भिंतीवर शिडाचा आकार काढला किंवा प्रवेशद्वाराला बुरूज चिकटविला म्हणजे इमारत कोकणी होत नाही. अष्टागरातील जुने घर पाहावे. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा त्याला हवा असतो. पण पावसाची झड आणि दुपारचे ऊन त्याच दिशेने येते. पडवी वारा आत घेते, ऊनपाऊस बाहेर थोपविते. पावसाळ्यात तिला झावळांचे झाप लागतात ते याच हिशेबाने.

मुंबईत १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या २८ मजली ‘कांचनजंगा’ इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी हाच हिशेब मांडला. घरे पूर्व-पश्चिम आरपार आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या. एकीवर एक रचलेली पडवीच ती! नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्यांपैकी कोरिया एक. त्याच शहराच्या विस्तारात त्यांचा हा धडा विसरला जावा, हा दैवदुर्विलास होय.

‘कांचनजंगा’ धनिकांची, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सावली आणि वारा ही चैन नव्हे. वातानुकूलनाचे बिल ज्याला परवडत नाही, त्यालाच त्यांची गरज अधिक.

जुन्याचे भाबडे कौतुकही नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले तेव्हा मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले. तत्त्व पडवीचे, पण बळ काँक्रीटचे, असाच मेळ घालावा लागेल. भरतीचे पाणी सामावून घेणारी खाजणे आणि खारफुटी बुजवून उभारलेली इमारत मात्र कितीही देखणी असली तरी या भूमीची म्हणता येणार नाही.

यासाठी नियमांनीच वाट मोकळी करावी. खोल, उघड्या गच्चीला चटईक्षेत्राच्या हिशेबात सवलत मिळावी आणि ती पुढे बंदिस्त होणार नाही, हेही पाहावे. आराखड्यात मोटारींच्या जागेचा हिशेब मागणाऱ्यांनी वाऱ्याचा आणि सावलीचाही मागावा.