विश्लेषण : सुंदर दिसण्यासाठीचे ‘फिलर’ अंधत्व कसे आणू शकतात?

ओठ भरीव करणे, गालांना उभारी देणे, नाक सरळ दाखवणे... शस्त्रक्रिया न करता अर्ध्या तासात हे सारे ‘फिलर’च्या इंजेक्शनने होते. त्यामुळे त्याकडे फेशियलसारखी सौंदर्यसेवा म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ही वैद्यकीय प्रक्रिया आहे. तिच्यातील गंभीर गुंतागुंत दुर्मीळ असली, तरी ती झाल्यास उपचारासाठी हातात थोडाच वेळ असतो.

फिलर म्हणजे काय?

बोटॉक्स आणि फिलर यांत अनेकांची गल्लत होते. बोटॉक्स स्नायू शिथिल करते, तर फिलर त्वचेखालील पोकळ भागात भर घालते. सर्वाधिक वापर हायलुरॉनिक ॲसिडच्या जेलचा होतो. हा पदार्थ शरीरात नैसर्गिकरीत्याही असतो. त्याच्या जेलचा परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. कॅल्शियमयुक्त आणि कायमस्वरूपी टिकणारे फिलरही असतात.

नेहमीचा त्रास कोणता?

इंजेक्शनच्या जागी सूज, लाली, दुखणे, काळेनिळे पडणे हे बहुतेकांना होते. काही दिवसांत ते ओसरते. काहींना आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठी येतात, सूज येते किंवा जंतुसंसर्ग होतो. डोळ्यांखाली जेल फार वरच्या थरात गेल्यास त्वचा निळसर दिसते. ओठांभोवती पूर्वी ‘जर’ (नागीण वर्गातील विषाणूचे फोड) आलेले असल्यास ते पुन्हा उठू शकतात.

खरा धोका कुठे असतो?

जेल चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला तर रक्तपुरवठा थांबतो आणि तो भाग मरू लागतो. भुवयांमधील जागा, नाक, कपाळ आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घडी हे सर्वांत जोखमीचे भाग. तेथील रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. इंजेक्शनच्या दाबाने जेल उलट्या दिशेने सरकते आणि दाब कमी होताच प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकते. परिणामी एका डोळ्याची दृष्टी काही क्षणांत जाऊ शकते. क्वचित जेल मेंदूपर्यंत पोहोचून पक्षाघात होतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

इंजेक्शनच्या वेळी किंवा नंतर त्वचा अचानक पांढरीफटक पडणे, नंतर जाळीदार जांभळट डाग दिसणे, दुखणे वाढत जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. त्वचा बोटाने दाबून सोडल्यावर रंग लगेच परतत नसेल, तर रक्त पोहोचत नसल्याची शक्यता असते. मात्र वेदना नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. अनेक फिलरमध्ये बधिर करणारे लिडोकेन मिसळलेले असते, त्यामुळे वेदना दडून राहतात. अंधूक दिसणे, डोळा दुखणे, पापणी खाली पडणे, बोलताना अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालयातील आपत्कालीन विभाग गाठावा.

उपाय आहे का?

हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे एन्झाइम असते. त्वचेचा रक्तपुरवठा थांबल्याचे लक्षात येताच ते भरपूर मात्रेत टोचल्यास त्वचा वाचवता येते. मात्र इतर प्रकारच्या फिलरवर ते चालत नाही. डोळ्याच्या बाबतीत परिस्थिती अधिक कठीण आहे. दृष्टिपटलाला रक्ताविना सुमारे दीड तास काढावा लागला, तर इजा कायमची होण्याची शक्यता मोठी असते. गेलेली दृष्टी पूर्ण परतणे दुर्मीळच. म्हणूनच ‘उद्या सकाळी दाखवू’ हा विचार महागात पडतो.

इतर देशांत नियम काय?

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना केवळ सौंदर्यासाठी फिलर किंवा बोटॉक्स देणे गुन्हा ठरवण्यात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फिलरला २२ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठीच मान्यता दिली आहे. सुईशिवाय दाबाने जेल आत ढकलणारे ‘हायलुरॉन पेन’ वापरू नयेत, असा इशाराही या यंत्रणेने २०२१ मध्ये दिला. अशी साधने ऑनलाइन मागवून घरीच प्रयोग करणे धोक्याचे असते.

काय विचारून घ्यावे?

इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का? फिलर नेमके कोणते, ते विरघळवता येते का? हायलुरोनिडेज आता, याच क्लिनिकमध्ये उपलब्ध आहे का? रात्री त्रास झाल्यास फोन कोण उचलेल? बाटलीवरील किंवा सिरिंजच्या खोक्यावरील नाव व बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तरी उपचाराची दिशा लगेच ठरते. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर सवलत कितीही मोठी असली तरी तेथून उठून येणेच शहाणपणाचे.