चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड

इंग्रजीतलं ‘डॉफ’ हे क्रियापद ‘डू’ आणि ‘ऑफ’ एकमेकांत मिसळून झालं. अर्थ : अंगावरचं उतरवणं. ‘डू’ आणि ‘ऑन’ मिळून झालेलं ‘डॉन’ हे त्याचं जोडीदार, म्हणजे अंगावर चढवणं. मध्ययुगीन इंग्रजीतली ही जोडी पुढे मागे पडली. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशात ‘डॉफ’ला कालबाह्य ठरवलं आणि ते आता खेडवळांच्याच तोंडी उरल्याची नोंद केली. पण शब्द तगला. सूतगिरणीत भरलेल्या बॉबिन चात्यांवरून उतरवणारा कामगार ‘डॉफर’ झाला. अमेरिकेतल्या गिरण्यांत हे काम लहान मुलं करत. लुइस हाइनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या छायाचित्रांत ती दिसतात.

आज हा शब्द सर्वाधिक कानी पडतो तो रुग्णालयात. कोविडच्या काळात आपल्याकडेही ‘डॉनिंग’ आणि ‘डॉफिंग’च्या खोल्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. पीपीई किट चढवताना ते स्वच्छ असतं. उतरवताना मात्र त्याच्या बाहेरच्या बाजूवर विषाणू असू शकतात, अंग घामेजलेलं असतं आणि माणूस थकलेला. ओहायोतल्या चार रुग्णालयांत झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांच्या हातमोज्यांना अतिनील प्रकाशात चमकणारं लोशन लावलं आणि हातमोजे-गाऊन काढायला सांगितलं. 435 पैकी 200 वेळा, म्हणजे 46 टक्के वेळा, ते त्वचेवर किंवा कपड्यांवर सापडलं. रोज हेच काम करणाऱ्या माणसांचा हा आकडा आहे, म्हणून तो मला फार अस्वस्थ करतो.

उपाय हालचालींच्या शिस्तीत आहे. एका हातमोज्याची बाहेरची बाजू मनगटाजवळ दुसऱ्या, मोजा घातलेल्या हाताने चिमटीत धरायची आणि तो उलटा करत सोलायचा. मग उघड्या हाताची बोटं उरलेल्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा करायचा. मळलेली बाजू अशी आत कोंडली जाते. मास्क सगळ्यात शेवटी, दोऱ्यांना धरून. त्यानंतर हात धुणं. ओहायोतल्या त्याच अभ्यासात सराव आणि लगेच दाखवलेल्या चुका यांमुळे लोशन लागण्याचं प्रमाण सुमारे 19 टक्क्यांवर आलं.

2014 मध्ये डॅलसला इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. त्यानंतर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने नियम कडक केले : किट उतरवताना समोर एक प्रशिक्षित निरीक्षक हवा, आणि त्याने प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून दाखवायची.