मॉडेल नवं, खिंडार जुनंच

एआयवरचा हल्ला म्हटलं की चॅटबॉटला भुलवून भलतंसलतं वदवून घेणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांनी भरलेली अवाढव्य फाइल. ती मेमरीत चढवणं, प्रश्न घेणं, उत्तर पाठवणं ही कामं ओलामा, व्हीएलएलएम यांसारखं सर्व्हर सॉफ्टवेअर करतं. तिथे चूक राहिली, तर दूरवर बसलेला कुणीही त्या यंत्रावर आपला कोड चालवू शकतो. यालाच ‘रिमोट कोड एक्झिक्युशन’ म्हणतात.

2024 मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ओलामात अशी त्रुटी सापडली. मॉडेल उतरवून घेताना ओलामाला आधी फाइलींची यादी मिळते. यादीत प्रत्येक फाइलची 64 अक्षरी ओळखखूण असते आणि फाइल डिस्कवर कुठे ठेवायची हे त्या खुणेवरून ठरतं. खूण खरीच तशी आहे का, हे मात्र तपासलं जात नव्हतं. हल्लेखोराने खुणेच्या जागी ‘../../’ असा वरच्या फोल्डरांकडे नेणारा मार्ग लिहायचा आणि ओलामाला आपल्याच सर्व्हरवरून मॉडेल आणायला लावायचं. फाइल हवी तिथे जाऊन बसे. डॉकर या कंटेनर सॉफ्टवेअरमध्ये ओलामा रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चाले. त्यामुळे नवा प्रोग्राम सुरू होताना सोबत कोणता कोड चढवायचा याची जी यादी लिनक्स वाचतं, तीही बदलता येई. मग साधा एक प्रश्न विचारला की ओलामा नवी प्रोसेस सुरू करी आणि तिच्यासोबत हल्लेखोराचा कोडही. पासवर्डची अडचण नव्हतीच, कारण ओलामा तो मागतच नसे.

ओलामाने काही तासांत दुरुस्ती केली, ती 0.1.34 या आवृत्तीत आली. तरीही विझला हजाराहून अधिक ओलामा सर्व्हर इंटरनेटवर उघडे दिसले.

दुसरं उदाहरण पायथॉनच्या ‘पिकल’ या डेटा साठवण्याच्या पद्धतीचं. पिकल फाइल उघडताना तिच्यातला कोड चालू शकतो. परक्याची पिकल उघडू नका, असं पायथॉनच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेलं आहे. तरी मेटाचं लामा स्टॅक, व्हीएलएलएम, एसजीलँग अशा एआय सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवरून आलेली पिकल थेट उघडली जाई. एका प्रकल्पातला कोड दुसऱ्याने उचलला, त्याबरोबर धोकाही उचलला, हे 2025 मध्ये ओलिगो या कंपनीने दाखवून दिलं.

यातली एकही चूक एआयची नाही. बाहेरून आलेला मजकूर तपासल्याशिवाय वापरू नये, हा वेब प्रोग्रामिंगचा पहिला धडा. घाईत तोच गाळला गेला. घरी किंवा ऑफिसात ओलामा चालवत असाल, तर आवृत्ती अद्ययावत करा, त्याला रूट अधिकार देऊ नका आणि त्याचा 11434 हा पोर्ट बाहेरून दिसत असेल तर आजच बंद करा.