शोधयंत्राची परीक्षा

मेढा हें जावळी तालुक्याचें ठिकाण, वेण्णेच्या कांठीं वसलेलें. येथें वेण्णेस पूर कधीं आला व हानि काय झाली, हें कोणास पाहिजे असल्यास तो आज शोधयंत्रास विचारतो, आणि क्षणार्धांत आलेल्या यादीनें संतुष्टहि होतो. परंतु यादी आली म्हणजे माहिती मिळाली काय?

ही शंका मापाच्या कक्षेंत आणिली ती इंग्लंडांतील क्रॅनफील्डचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनीं. 1960 नंतरच्या दशकांत त्यांनीं विमानविद्येवरील सुमारें 1400 निबंध घेतले, कोणत्या प्रश्नास कोणता निबंध उपयोगी हें जाणत्यांकडून ठरवून घेतलें, व त्या कसोटीवर शोधपद्धति घासून पाहिल्या.

हिशेब सोपा आहे. श्रोत्यांनीं कागद घेण्याचेंहि कारण नाहीं. समजा, संग्रहांत या पुराचीं 40 वृत्तें आहेत. यंत्रानें 20 दिलीं, त्यांतलीं 15 कामाचीं निघालीं. दिलेल्यांपैकीं शेंकडा 75 कामाचीं, हा यंत्राचा नेमकेपणा. असलेल्यांपैकीं मात्र शेंकडा साडेसदतीसच हातीं आलीं, ही त्याची व्याप्ति. पहिली उणीव वाचणारास दिसते. दुसरी दिसतच नाहीं, कारण जें आलें नाहीं त्याची चुटपुट लागणार कशी?

मराठींत घात होतो तो येथेंच. वृत्तांत 'मेढा' असा सुटा शब्द थोडा. 'मेढ्यास', 'मेढ्याहून', 'मेढ्याच्या' हींच रूपें फार. अक्षरास अक्षर जुळविणारें यंत्र तीं सारीं वगळतें. जुन्या लेखनांतील 'मेढ्यांत' व 1962 च्या नियमांनंतरचें 'मेढ्यात' हेहि त्यास दोन शब्द! बरें, शेवट छाटून नुसतें 'मेढ' शोधावें, तर मांडवाची मेढहि यादींत येऊन उभी राहते.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकारानें 2008 सालीं निघालेल्या 'फायर' या उपक्रमांत मराठीचीहि अशी परीक्षा झाली. 'महाराष्ट्र टाइम्स' व 'सकाळ' यांतील सुमारें 99 हजार वृत्तें, त्यांवर 50 प्रश्न, आणि निवाडा करणारीं माणसें, असा तो थाट होता. इतकीं वृत्तें प्रत्येक प्रश्नासाठीं वाचणें अशक्य. म्हणून अशा परीक्षांत निरनिराळ्या यंत्रांच्या याद्यांतील आरंभींचीं वृत्तें एकत्र करून तेवढींच तपासण्याची रीत आहे. कोणत्याच यंत्रानें वर न आणलेलें वृत्त निरुपयोगी धरलें जातें. सारींच यंत्रें सामान्यरूपापाशीं अडखळलीं, तर 'मेढ्याच्या' पुराचें वृत्त परीक्षकापुढें जाणारच नाहीं, आणि त्या उणिवेपायीं कोणाचाहि गुण कापला जाणार नाहीं.