आधी चढ, मग वेग : धावपटूंच्या सरावाचे वेळापत्रक

जामनेर परिसरात भल्या पहाटे रस्त्याने गेल्यास धावणारी मुले-मुली हमखास दिसतात. कोणी शालेय स्पर्धांची तयारी करीत असते, तर कोणी पोलीस भरतीची. शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. काही सेकंदांवर एखाद्या शेतकरी कुटुंबाची आशा अवलंबून असते. अशा वेळी रोज दम तुटेपर्यंत धावलेला तरुण ऐन चाचणीच्या आठवड्यात नडगी धरून बसतो, याचे आम्हांला वाईट वाटते. त्याच्या कष्टांत उणीव नसते. चुकतो तो सरावाचा क्रम.

चढावर धावताना वेग कमी राहतो आणि पाऊल कमी उंचीवरून पडते. त्यामुळे हाडांना हादरे कमी बसतात; मात्र मांड्या, नितंब व पोटऱ्या यांना भरपूर काम पडते. हे बळ अंगी आल्यावरच सपाट मैदानावरील वेगाचा ताण शरीर सोसू शकते. म्हणून चढ आधी आणि वेग नंतर.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हाच क्रम जगापुढे ठेवला. आधी अनेक आठवडे लांब पल्ल्याची धाव, मग चढ, त्यानंतर मैदानावरील वेग, अशी त्यांची पद्धत होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल (८०० मीटर) व मरे हालबर्ग (५००० मीटर) यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. विशेष म्हणजे ८०० मीटरचे स्नेलदेखील ऑकलंडजवळच्या डोंगरांत सुमारे ३५ किलोमीटरची धाव घेत असत.

आपल्याकडे स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजून सोळा आठवड्यांची आखणी करता येईल. पहिले सहा आठवडे, बोलता बोलता धावता येईल अशा संथ गतीने अंतर वाढवावे. पुढील चार आठवडे मंगळवारी व शुक्रवारी चढ घ्यावा : सुमारे १०० मीटरचा मध्यम उतार, सहा ते आठ वेळा वर धाव आणि प्रत्येक वेळी चालत खाली. धावत उतरू नये. त्याने गुडघ्यांना हादरे बसतात. त्यानंतरचे चार आठवडे त्याच दोन दिवशी वेगाचा सराव असावा. मध्यम अंतराच्या धावपटूने ४०० मीटरच्या सहा फेऱ्या घ्याव्यात व मध्ये २०० मीटर हळू धावावे. १०० मीटरच्या धावपटूने ३० ते ६० मीटरच्या झेपा घेऊन प्रत्येक झेपेनंतर पूर्ण विश्रांती घ्यावी. या काळात चढ दहा दिवसांतून एकदा, वेगाच्या एका दिवसाऐवजी घेणे पुरेसे आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणावे, पण थोडा वेग कायम ठेवावा.

एक नियम कटाक्षाने पाळावा : दोन कठीण दिवसांमध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर असावे. स्नायू सरावाने थकतात आणि विश्रांतीत बळकट होतात. टाचेच्या वरची शीर किंवा नडगी सलग दुखू लागल्यास चढ व वेग दोन्ही थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आपला तालुका बहुतांशी काळ्या मातीचा व सपाट असला, तरी दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आहेत. त्यासाठी वाहनांनी गजबजलेला घाटरस्ता मात्र नको. पायथ्याची पाऊलवाट किंवा धरणाच्या भिंतीजवळचा कच्चा उतारही चालेल. खानदेशी उन्हाळ्यात हा सराव सूर्योदयापूर्वीच आटोपावा.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. डोंगरपाड्यांतील मुलांमध्ये काटकपणा उपजत असतो. त्याला शिस्तीची जोड द्यावी लागते. पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आजच दिनदर्शिका उघडून स्पर्धेच्या दिवसावर खूण करावी, मुलांसोबत मागे मोजत यावे आणि विश्रांतीचे दिवसही तितक्याच ठळकपणे लिहावेत.